पाळंद्यांचा नकार

रविवारी सकाळी वीणावहिनींनी खवा भरून लवंगेने टाचलेली पहिली लवंगलता कढईत सोडली, तेव्हा नकार नेमका कशाला द्यायचा आहे हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. द्यायचा आहे, एवढं मात्र नक्की होतं. मुंबईच्या एका संगीत कंपनीचा माणूस दुपारी जेवायला येणार होता. मुंबईचा माणूस काशीतल्या सोनारपुऱ्याच्या गल्लीत शिरून, तीन जिने चढून येतो तो काहीतरी मागायलाच येतो. आणि पाळंदे मागितलेलं देत नाहीत. फक्त तसं म्हणत नाहीत, इतकंच.

"वन्सं, किती तळू?" वहिनींनी आतून विचारलं.

शरदिनी जेवणाच्या टेबलावर पिवळे कागद कापत बसली होती. "माणूस केवढा आहे?"

"फोनवर तर मोठा वाटला. दोनदा 'ॲक्च्युअली' म्हणाला."

"मग अकरा तळा."

हा रिवाज शरदिनीच्या वडिलांचा. विश्वेश्वरपंत पाळंदे टप्पा असा गायचे की राजाघाटावर बांधलेल्या नावा आपापल्या दोरांना हिसके द्यायच्या. खोटं वाटत असेल तर नावाड्यांना विचारावं. ते ह्याहून मोठं सांगतील. पंतांचं म्हणणं असं, की काशीत दारी आलेल्याच्या तोंडावर नाही म्हणू नये. कोण कुठल्या रूपात येईल, सांगता येत नाही. विश्वनाथाने मनात आणलं तर तो विमा एजंटाच्या रूपातही येईल. बरं, येईल त्याच्याकडे जाऊन गायचं, तर गळ्याचं पायपुसणं व्हायचं. तेव्हा पंतांनी मधला मार्ग काढला. तोंडाने सगळ्यांना "हो हो, का नाही!" म्हणायचं आणि तिसऱ्या दिवशी पिवळ्या कागदावर पत्र धाडायचं. पत्रात आधी समोरच्याचं कौतुक, तेही मनापासूनचं, मग "तथापि", मग आपल्याच अंगचा एखादा दोष, शेवटी आशीर्वाद. सोबत घरच्या लवंगलता. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे, की आपणच थोर मनाने ह्या बिचाऱ्याला मोकळं केलं.

जौनपूरच्या एका माजी जमीनदाराने पंतांना मुलाच्या लग्नात गायला बोलावलं होतं. पत्र गेलं. त्या गृहस्थाने मांडवात गवयाच्या जागी ते पत्रच वाचायला लावलं, तबल्याच्या साथीवर. म्हणतात, की "तथापि" बरोबर समेवर आलं आणि लोकांनी अशी दाद दिली की तेवढा शब्द तीनदा परत घ्यावा लागला. रामनगरच्या एका रसिकाला पंतांनी कळवलं होतं, "मणिकर्णिकेवर एकदा जाऊन आलो, की पहिला कार्यक्रम आपल्याकडेच." त्यांच्या घरी ते पत्र देव्हाऱ्यात आहे. पंतांना मणिकर्णिकेच्या स्मशानात नेऊन चाळीस वर्षं झाली. ते लोक अजून संक्रांतीला फोन करून, काही कळलं का, म्हणून विचारतात.

पंतांचा हात थरथरायला लागला तेव्हा शरदिनी अठरा वर्षांची होती. तेव्हापासून लेखणी तिच्याकडे आली. पंतांनंतर गाणं दत्तात्रेयांकडे, तिच्या मोठ्या भावाकडे गेलं आणि नकार तिच्याकडेच राहिले. मुलींच्या शाळेत तिने तेहतीस वर्षं हिंदी शिकवलं, निवृत्त झाली, केस पांढरे झाले. पत्रांखाली सही मात्र कायम "दत्तात्रेय पाळंदे".

हे दत्तात्रेय आता फोन कानाला लावून गॅलरीतून आत आले. वय एकाहत्तर, आवाज पंचविशीतला आणि डोक्यावर केस म्हणाल तर एकही नाही.

"हो हो, का नाही! आनंदाने! अहो, आपलंच घर आहे!" त्यांनी फोन ठेवला आणि बहिणीकडे असं पाहिलं, जसं बरणी फोडलेलं मूल आईकडे पाहतं.

"आता कोण?" शरदिनीने विचारलं.

"तेलवाला. केश तेल. जाहिरातीत गायचं म्हणतो."

"तू? केसांच्या तेलाचं?"

"त्याने फोटो पाहिला नसेल. मी कशाला सांगू? वाईट वाटेल त्याला."

"दादा, ह्या महिन्यातला हा चौथा. तो डीजे आहे, जो तुला चमकणारं जाकीट घालून गंगेत बजड्यावर, त्या मोठ्या नावेवर, उभा करणार आहे. ते बालगायकांच्या स्पर्धेचं परीक्षकपद. ती शौचालयाच्या उद्घाटनाची नांदी."

"शू शू! सुलभ आणि स्वच्छ, असं म्हण. माणूस फार भला आहे."

"आणि आता मुंबईवाला पाचवा. माझ्याकडे महिन्याला चार चांगले नकार होतात, दादा. पाचवा ओढूनताणून येतो, तो वाचवत नाही."

ह्यात अतिशयोक्ती नव्हती. शरदिनी नकार जुळवत असे तो असा: त्या माणसाचं खरोखर आवडलेलं काहीतरी सापडेपर्यंत ती अडून बसायची. खोटं कौतुक तिला लिहिता येत नसे. ह्याच डीजेने गेल्या वर्षी बोलावलं होतं तेव्हा ती सहा दिवस अडली होती, आणि मग हे निघालं: "आपले ढोल घाटावर वाजतात तेव्हा आमच्या खिडक्यांची तावदानं आपसूक ताल धरतात. तथापि, ह्या घरात ताल धरणारे आता इतके झाले आहेत की गाणाऱ्याला उभं राहायला जागा उरलेली नाही." मूळ पत्र हिंदीत, पण घोळवलेलं मराठीतच.

अकराच्या सुमारास गोपीनाथजी आले. रामनगरचे साडीवाले, दरवर्षी दुकानाच्या वाढदिवसाला दत्तात्रेयांना गायला बोलवायचे आणि दरवर्षी नकार घेऊन जायचे. पहिल्या वर्षी वाईट वाटलं होतं. पण त्याच वर्षी दुकानावर दुसरा मजला चढला. तेव्हापासून पाळंद्यांचा नकार हातात पडल्याशिवाय ते वर्षाची बोहनी करत नसत. हे त्यांचं बारावं वर्ष.

"पंडितजी, पुढच्या गुरुवारी दुकानावर गाणं व्हावं, ही विनंती," ते हात जोडून म्हणाले, आणि घाईघाईने पुढे, "मगर जबरदस्ती नहीं है!"

"हो हो, का नाही!" दत्तात्रेय म्हणाले.

गोपीनाथजी सुखावले आणि पत्राची वाट पाहत सोफ्यावर बसले. जेवूनच जा, असं वहिनींनी म्हणायची ते वाट पाहत होते. तसं वहिनी म्हणाल्या.

मुंबईवाला एक वाजता आला. नाव अनिमेष; मूळचा इथलाच, बंगाली टोल्यातला, पण बारा वर्षं मुंबईत राहून मराठी शिकला होता आणि जिने चढायचं विसरला होता. त्याला धाप लागलेली पाहून ऋतुराजने धावत पाणी आणलं. ऋतुराज म्हणजे दत्तात्रेयांचा मुलगा. अठ्ठावीस वर्षांचा, लॅपटॉपवर गाणी करायचा. हा माणूस आपल्यासाठीच येतोय असं त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. पण सकाळी त्याने केस कापून घेतले होते आणि लॅपटॉप पुसून सोफ्याजवळ उघडा ठेवला होता.

अनिमेषने लॅपटॉपकडे पाहिलंही नाही. जेवणाच्या टेबलावर बसता बसता तो म्हणाला, "पंडितजी, मी काम घेऊन आलोय. पण गाण्याचं नाही. तुमच्याकडची पत्रं जो लिहितो ना, मला तो माणूस हवाय."

वहिनींच्या हातातली आमटीची पळी वाटीच्या वर थांबली.

"तो मीच," दत्तात्रेय म्हणाले. त्यात लबाडी नव्हती. विचारणाऱ्याला हो म्हणायची त्यांच्या जिभेला सवय होती.

"फारच छान! मग ही वांग्याची भाजी आहे ना, ही तुम्हाला नको आहे असं समजा. दोन ओळी सांगा वहिनींसाठी."

दत्तात्रेयांनी भाजीकडे पाहिलं. घसा साफ केला. "हे वांग्या..." ते म्हणाले, आणि बहिणीकडे पाहिलं.

"भाजी चांगली झालीय," शरदिनी पानातून वर न पाहता म्हणाली. "इतकी, की पहिल्या घासाला पोट भरल्यासारखं झालं. तथापि, माझं पोट लहान आहे, हा वांग्याचा दोष नव्हे."

अनिमेषने घास खाली ठेवला. "ह्याच त्या."

"म्हणजे?" गोपीनाथजी ताडकन उभे राहिले. "अकरा वर्षं मला जे नकार मिळाले, ते पंडितजींचे नव्हते? बहिनजींचे होते?"

"बसा हो गोपीनाथजी," वहिनी म्हणाल्या.

ते बसले. थोडा वेळ त्यांचे ओठ हलत होते, जणू ते एकेक मजला नव्याने तपासत होते. मग चेहरा उजळला. "तभी! तभी मैं कहूँ! लक्ष्मी के हाथ का था!"

अनिमेषने सगळं सांगितलं. त्याच्या साहेबांनी दत्तात्रेयांना नऊ वर्षांत चौदा कामं देऊ केली होती. पहिली दोन खरी होती. पुढची बारा फक्त पत्रासाठी. ऑफिसात भिंतीवर ती लावलेली होती. कोणाचं गाणं नाकारलं गेलं की त्याला त्या भिंतीसमोर बसवत, आणि तो हसत उठून जाई. आता कंपनीला दहा गाण्यांचा संच काढायचा होता. विषय एकच: नातं संपवणारी गाणी.

"हल्ली ब्रेकअपच्या गाण्यात नुसती शिवीगाळ असते, ताई. भांडी फोडल्यासारखी. प्रेमाने दार लावणारं कोणी लिहीतच नाही. दहा नकार हवेत मला, दहा गाण्यांचे. दोन महिन्यांत. आणि तुमच्या नावावर. माझं विमान संध्याकाळचं आहे, पाच वाजता निघावं लागेल. तोवर सांगा."

शरदिनीचा हात पानावर तसाच राहिला.

तिला हवं होतं. कवितेची वही वगैरे तिच्याकडे कधीच नव्हती. कुणी विचारलं असतं तर तिने हसून विषय बदलला असता. पण "तुमच्या नावावर" हे दोन शब्द कानात गेले आणि बरगड्यांच्या आत कुठेतरी जाऊन बसले, उठायला तयार नाहीत. चौसष्टाव्या वर्षी एखादी गोष्ट इतकी हवीशी वाटावी ह्याची तिला लाज वाटली. आणि लाज वाटली म्हणून रागही आला.

पहिले उठले दत्तात्रेय. "माझी बहीण!" ते गोपीनाथजींना म्हणाले, जणू हे गोपीनाथजींना आजच कळत होतं. "हो हो, का नाही! लिहील ती! दहा काय, वीस लिहील!"

"तुम्ही थांबा जरा," वहिनी म्हणाल्या. "वन्सं कामाला लागल्या तर घरात लिहायचं कोणी? माझ्या गळ्यात पडेल ते. मला वाण्याची यादी लिहिताना घाम फुटतो."

"आणि आत्याला बीट कळते का?" ऋतुराज लॅपटॉप मिटत म्हणाला. "गाणं लिहिणं मतलब काय, पत्र आहे का? मीटर पाहिजे, हुक पाहिजे. आत्या, बुरा मत मानना, पण तू साधी रील तरी पाहतेस का?"

"ट्यून कोण करणार ते अजून ठरलं नाहीये," अनिमेष भात कालवत म्हणाला.

ऋतुराजने लॅपटॉप परत उघडला. "तसं पाहिलं तर," तो म्हणाला, "आत्याच्या भाषेला एक नैसर्गिक लय आहे. मी लहानपणापासून म्हणत आलोय."

"कधी म्हणालास रे?" वहिनींनी विचारलं.

"मनात म्हणायचो, आई."

तेवढ्यात दत्तात्रेयांच्या डोक्यात काहीतरी शिरलं. ते शिरताना बाहेरून दिसत असे. टकलावर आधी एक आठी उमटायची, मग दुसरी. "दोन महिने म्हणालात? दहा नकार?" त्यांनी बोटांवर मोजलं. "आणि शरूचे महिन्याला होतात चार. म्हणजे माझा तेलवाला... माझा डीजे..."

"ते तुम्हाला गावं लागेल, बाबा," ऋतुराज म्हणाला. "जाकीट घालून."

दत्तात्रेय खुर्चीत बसले. "शरू, मला वाटतं, तू ह्यांना एक सुंदर पत्र लिही. आत्ताच. असं पत्र, की ते भिंतीवर नाही, दारावर लावतील."

"म्हणजे मी नकार देऊ?"

"छे छे! मी कुठे असं म्हणालो? फक्त कौतुक कर त्यांचं. भरपूर. आणि मग... जे येतं ते येऊ दे."

अडीच वाजता शरदिनी आपल्या खोलीत गेली आणि दार लोटून बसली. तिने ठरवलं होतं: होकार द्यायचा. पिवळ्या कागदावर, रीतसर.

"चि. अनिमेष यांस," तिने लिहिलं, "आपण तीन जिने चढून आलात आणि धाप लागलेली असतानाही आधी माझ्या वहिनींना नमस्कार केलात, हे मी पाहिलं. ज्याला दमल्यावरही रीत आठवते, त्याच्या हाती गाणी सुखरूप राहतील. तथापि,"

तिने लेखणी उचलली. तथापि! हे कोणी लिहिलं? तिने दुसरा कागद घेतला. पुन्हा कौतुक, ह्या वेळी त्याच्या वांगं खाण्याचं. हात भरधाव निघाला, शाई चमकत होती, आणि कागदाच्या मध्यावर येऊन पाहते तो परत तथापि, आणि त्याच्या पाठोपाठ, तिने नीट थांबवायच्या आत, "माझी दृष्टी आता अधू झाली असून". दृष्टी मुळीच अधू नव्हती. गेल्याच महिन्यात मोतीबिंदू काढला होता, तिला आता समोरच्या गच्चीवरचं कबुतर पाळलेलं की रानटी तेही दिसत असे.

तिसऱ्या कागदावर तिने कौतुकच गाळलं. एकदम मुद्दा: "मला हे काम करायला आवडेल." वाचून पाहिलं. हे वाक्य कोणीतरी परक्या बाईने लिहिल्यासारखं दिसत होतं. ह्याला पुढे काय जोडतात तेच तिला कळेना. शेहेचाळीस वर्षांत तिने एकही होकार लिहिला नव्हता. त्याचा नमुनाच घरात नव्हता.

दार किलकिलं झालं. वहिनी आत आल्या, हात पदराला पुसत. मागे तुपाचा वास.

"वाया गेले किती?"

"तीन."

वहिनी पलंगाच्या काठावर टेकल्या. तीन कागदांवरून त्यांनी नजर फिरवली. वाचलं किती कोण जाणे. "मघाशी मी बोलले ते विसरा, वन्सं. आत्ता कढईपाशी उभी होते तर मनात आलं. एकेचाळीस वर्षं झाली मला ह्या घरात येऊन. लग्नानंतर चौथ्या दिवशी सासऱ्यांनी मैदा मळायला बसवलं. का, तर लखनौच्या रेडिओला नकार जायचा होता. तेव्हापासून तुम्ही नकार लिहिलेत आणि मी तळलेत."

"मग?"

"मग काय. तुमचं लिहायचं थांबलं, तर माझं तळायचं थांबतं. हे मला मघा सुचलंच नाही बघा!" त्यांचे डोळे चमकत होते. "तुम्ही हो म्हणा. त्यांना मी सांभाळते."

"हो कसं म्हणतात तेच येईना, वहिनी."

"इश्श. मी नाही का म्हटलं? तुमच्या दादाला पाहिलं आणि म्हटलं."

"आणि मग?"

"एकेचाळीस वर्षं," वहिनी म्हणाल्या आणि दोघीही हसू दाबता दाबता पलंगावर आडव्या झाल्या.

सव्वाचारला शरदिनी बाहेर आली तेव्हा हातात कागद नव्हता. बैठकीत ऋतुराज अनिमेषला आपली आठवी धून ऐकवत होता. गोपीनाथजी आपला नकार मिळेपर्यंत हलणार नव्हते. लवंगलतांचं ताट त्यांच्या समोर होतं आणि तीन कमी झालेल्या दिसत होत्या. दत्तात्रेय येरझाऱ्या घालत होते. बहिणीला पाहताच ते लगबगीने आले.

"शरू, मी तोडगा काढलाय! तू यांची गाणी लिही. अगदी खुशाल! आणि माझी पत्रंही लिही. दुपारी गाणी, सकाळी पत्रं. कोणाचं मन मोडायला नको."

"चांगले नकार चारच होतात, दादा."

"मग मला आपले साधे दे. उरलेसुरले. मी चालवून घेईन!"

"साध्या नकारावर तू निभावशील? तो डीजे दुसऱ्या दिवशी जाकीट घेऊन येईल, आणि तू हात घालून पाहशील बाहीत."

दत्तात्रेयांना हे पटलं. त्यांना स्वतःबद्दलचं खरं लगेच पटत असे. "म्हणजे मला चांगलेच लागणार," ते खिन्नपणे म्हणाले. "मग चार मला. यांना पुढच्या वर्षी."

अनिमेषने लॅपटॉपवरून मान वर केली. "पुढच्या वर्षी हा संच नसेल, पंडितजी. दुसऱ्या कोणाला तरी देतील."

फोन वाजला. तेलवालाच होता, त्याला स्टुडिओची तारीख नक्की करायची होती. "हो हो, का नाही! मंगळवार उत्तम!" दत्तात्रेय म्हणाले, आणि मग फोनवर तळहात दाबून, लहानपणी आंबा मागायचे तशा आवाजात, "शरू. एवढं एक. तेलवाल्याचं. आत्ता लिहून टाक ना गं."

शरदिनीने भावाकडे पाहिलं. तिला तो आवडत असे, ह्यात शंका नव्हती. बालगायकाला नापास करावं लागेल म्हणून आदल्या रात्रीपासून जेवण टाकणारा माणूस होता तो. त्याच्याबद्दल पानभर खरं कौतुक तिला बसल्या जागी सुचलं असतं, आणि त्या पानाच्या मध्यावर काय आलं असतं तेही तिला माहीत होतं. त्यातून पुढे एक सुंदर वाक्य निघालं असतं, आणि त्या वाक्याला स्वतःच भुलून तिने तेलवाल्याचं पत्र लिहिलं असतं.

"नाही," ती म्हणाली.

स्वयंपाकघरातला झारा थांबला. दत्तात्रेयांनी मागे वळून पाहिलं, कोणाला म्हणाली म्हणून. मागे भिंत होती.

"म्हणजे उद्या लिहितेस?"

"नाही, दादा. तुझी पत्रं आता मी लिहिणार नाही. तेलवाल्याचं नाही, डीजेचंही नाही." आणि सवय आडवी यायच्या आत ती वळली. "अनिमेष, मी लिहीन. दहाच्या दहा. नाव पूर्ण घाला, शरदिनी विश्वेश्वर पाळंदे."

"जी, ताई," अनिमेष म्हणाला आणि का कोण जाणे, उभा राहिला.

दत्तात्रेय जागच्या जागी होते. "हा... नकार आहे?"

"हो."

"मला?"

"तुलाच."

एकाहत्तर वर्षांत त्यांच्या घराने गाडीभर नकार वाटले होते. त्यांना स्वतःला कधी मिळाला नव्हता. तो घेऊन कुठे ठेवायचा असतो हे त्यांना कळेना. जाणकाराकडे पाहावं तसं त्यांनी गोपीनाथजींकडे पाहिलं.

"बैठ जाइए, पंडितजी," गोपीनाथजी सरकून जागा देत म्हणाले. "पहला है ना. भारी पडता है. मलापण तीन दिवस गरगरत होतं."

दत्तात्रेय बसले. मग त्यांनी मान वर केली, आणि आवाजात खरंच दुखावलेपण होतं. "पण शरू, ह्यात कौतुक कुठाय? त्या डीजेला तू पाऊण पान कौतुक लिहिलंस. त्या नांदीवाल्याला आशीर्वाद दिलेस. आणि मला असं कोरडंच?"

"कौतुक परक्यांना लागतं, दादा. तू घरचा आहेस."

हे वाक्य दत्तात्रेयांनी तोंडात घोळवलं. एकदा विलंबित, एकदा जरा द्रुत. टकलावरची एक आठी गेली, मग दुसरी. "घरचा," ते गोपीनाथजींना म्हणाले. "ऐकलंत? तुम्हाला अकरा मिळाले, पण असा एक तरी मिळाला का?"

"नहीं मिला, पंडितजी," गोपीनाथजींनी कबूल केलं आणि हेव्याने एक लवंगलता उचलली.

हातातल्या फोनमधून बारीक आवाज येत होता. दत्तात्रेयांनी तो कानाला लावला. "हॅलो! आहे, आहे मी. अहो, जरा घरात गडबड होती. आमच्या बहिणीने आत्ता मला नाही म्हटलं... हो, तोंडावर!... नाही नाही, तब्येत ठीक आहे... काय? मंगळवारी गाणार ना?"

"हो" जिभेच्या टोकाशी येऊन उभा होता, सर्वांना दिसत होता. वहिनी झारा हातात घेऊन दारात आल्या. ऋतुराजने धून बंद केली.

"एक मिनिट हं," दत्तात्रेय फोनमध्ये म्हणाले. "मला गायचंय का, हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. जरा बघतो."

आणि फोन मांडीवर ठेवून ते विचार करू लागले. शरदिनीने दोन कोरे कागद उचलले, पेन घेतलं आणि खोलीकडे निघाली. जाताना तिने मागे वळून पाहिलं. तिचा भाऊ डोळे मिटून बसला होता, कपाळ घामाने चमकत होतं, आणि मांडीवरचा तेलवाला दर थोड्या वेळाने "हॅलो? हॅलो?" करत होता.